पाच नंबरच्या कुंडीतलं पाणी

"एकशे वीस ग्रॅम."

"म्हणजे किती?"

"म्हणजे एकशे वीस ग्रॅम, ताई. साधारण अर्धा पेला पाणी. आज या कुंडीचं वजन दोन किलो सहाशे भरायला हवं होतं. भरतंय दोन सातशे वीस. हे वरचं आलं कुठून?"

"मला काय विचारतोस? कुंडीला विचार."

"घरात माणसं दोन. मी पाणी घातलेलं नाही."

"मग मी घातलं असेल."

"बघ. कबूल केलंस."

"कबूल नाही केलं, तुझं गणित पुरं करून दिलं. तोंड उघडायच्या आधीच तुझा निकाल तयार असतो, मग मी उगाच ताटकळत कशाला बसू?"

"गेल्या वर्षी घातलं होतंस की नाही?"

"घातलं होतं. सांगितलंही होतं. आणि पुन्हा त्या तंबूला हात लावणार नाही असंही सांगितलं होतं. तेवढं बरं विसरलास."

मी आत शिरले तेव्हा हे चाललं होतं. दोघांनीही माझ्याकडे साक्षीदार मिळाल्यासारखं पाहिलं. काका म्हणजे माझ्या वडिलांचा धाकटा भाऊ, आणि आत्या त्या दोघांचीही थोरली बहीण. काका आणि आत्या दोघांचंही लग्न झालेलं नाही. नोकरी संपल्यावर आत्याला हॉस्पिटलचं क्वार्टर सोडावं लागलं, तेव्हापासून, म्हणजे दोन वर्षं, ती काकाच्या तीन बेडरूमच्या घरात राहते. त्यातल्या एका खोलीत ती, एकीत काका, आणि तिसरीत मिरच्या.

"रविवारपर्यंत शब्द मागे घे," आत्या म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, हेच मला बरं वाटेना. "माझी मैत्रीण वर्षभर बोलावतेय. तिची एक खोली रिकामी आहे. तिच्या घरात पाणी मोजत नाहीत."

"जायचं असेल तर जा. पण खरं सांगून जा."

आत्या स्वयंपाकघरात गेली. काका माझ्याकडे वळला. "तू काल संध्याकाळी इथे आली होतीस?"

"नाही रे काका."

"विचारून ठेवलेलं बरं," तो म्हणाला.

काकाने छत्तीस वर्षं वजनमापं खात्यात निरीक्षक म्हणून काढली. बाजारात त्याला 'तागडी' म्हणत. तो गल्लीच्या तोंडाशी दिसला की पहिल्या दुकानापासून शेवटच्या दुकानापर्यंत खोकला पोचायचा. खोकला म्हणजे इशारा. काकालाही तो ठाऊक होता, म्हणून तो मागच्या गल्लीने यायचा. मळका सदरा घालून, हातात कापडी पिशवी घेऊन तो किलोभर टोमॅटो मागायचा, दुकानदाराने दिले की पिशवीतून आपला काटा काढायचा आणि टोमॅटो पुन्हा तोलायचा. पारड्याखाली चिकटवलेलं लोहचुंबक, आतून पोखरलेलं वजन, तळाशी मेण ओतलेलं दुधाचं माप, असं काय काय त्याने पकडलंय. आणि प्रत्येक वेळी समोरचा माणूस एकच वाक्य बोलायचा. "साहेब, उष्णतेने काटा फिरलाय." काकाने ते कारण एकाचंही ऐकून घेतलं नाही. काट्याला सील लागायचं.

त्याचं लग्न जमत आलं होतं म्हणे. मुलीच्या वडिलांचं धान्याचं दुकान होतं. काका त्यांना भेटायला गेला आणि बोलता बोलता त्याचा हात सवयीने काट्याकडे गेला. पुढचं घरात कुणी बोलत नाही.

नोकरी संपली, पण तपासायची सवय संपली नाही. महिनाभर तो साबणाच्या वड्या तोलत होता. मग एक दिवस बाजारातून तिखट सॉसची बाटली आली. वर लाल अक्षरांत 'जगातल्या सर्वांत जहाल मिरचीपासून बनवलेला' असं लिहिलं होतं. काकाने चमचाभर चाटला, डोळे मिटले, उघडले.

"ही ती मिरची नव्हे."

"तुला काय माहीत?" आत्या म्हणाली. "तू कधी खाल्लीयस ती?"

"तोच तर मुद्दा आहे. मी खाल्लेली नाही, तू खाल्लेली नाहीस, ज्याने घेतली त्याने खाल्लेली नाही. मग बाटलीत काय घातलंय हे कुणाला कळणार? वजनाला निरीक्षक आहे. तिखटपणाला कोण आहे?"

त्याने कंपनीला पत्र लिहिलं. उत्तर आलं नाही. उत्तर आलं नाही हाच काकाच्या लेखी पुरावा. तेव्हा त्याने ठरवलं की ती मिरची स्वतःच्या हाताने, बियांपासून उगवायची, एकदा तोंडात टाकायची आणि मग खरं काय ते बोलायचं.

बिया टपालाने आल्या. पाकिटावर बारा लिहिलं होतं, निघाल्या अकरा. त्याचंही पत्र गेलं. बाल्कनी उत्तरेला असल्याने ऊन नव्हतं, म्हणून मग तिसऱ्या खोलीत तंबू उभा राहिला. कपाटाएवढा, बाहेरून काळा, आतून चंदेरी, पुढे लांबलचक चेन. आत दिवा, वर हवा ओढणारा पंखा, खाली रोपांना वारा घालणारा छोटा पंखा, आणि दिवसाचे सोळा तास दिवा चालू ठेवणारा टायमर. पहिल्यांदा चेन उघडून मला दाखवलं तेव्हा आतल्या उजेडात काकाचा चेहरा एखाद्या दुसऱ्याच माणसाचा वाटला, खुशीत असलेल्या.

पहिल्या वर्षीची रोपं बोटभर होऊन मेली. काका दोन दिवस बाहेरगावी गेला होता, आणि आत्याने जीव न राहवून सकाळ-संध्याकाळ त्यांना पाणी पाजलं होतं. मुळं कुजली. ती आपण होऊन सांगायला गेली, रडलीसुद्धा. "पोरं कोमेजलेली बघवेना रे," म्हणाली. काकाने पुन्हा बिया मागवल्या. या खेपेला बारा भरल्या, पण बियाणेवाल्याने कळवलं होतं की हा वाण आता तो ठेवणार नाही, हीच शेवटची पाकिटं.

आत्या म्हणाली ते खरंच, पोरांसारखंच त्याने त्यांना वाढवलं. बिया कोमट पाण्यात रात्रभर भिजवल्या. ओल्या कागदी रुमालात गुंडाळून, डब्यात घालून डबा फ्रीजच्या मागे उबेला ठेवला. रोज झाकण उघडून भिंगातून पाहायचा. तेविसाव्या दिवशी पहिला कोंब फुटला. बारातल्या तीन उगवल्या. एक वर येऊन बुडातून मोडली. दुसरीच्या पानांवर बीचं टरफल टोपीसारखं अडकून राहिलं, ते काढताना चिमट्यात पानच आलं. राहिली एक. कागदावर तिचा क्रमांक पाच होता, म्हणून तिचं नाव पाच नंबर.

आता वजनाचं सांगते. मिरचीला पाणी केव्हा घालायचं हे वरून कळत नाही. वरची माती सुकते आणि खाली चिखल असतो. म्हणून जाणकार लोक कुंडी उचलून बघतात. हलकी लागली की पाणी घालायचं. काका हाताच्या अंदाजावर विश्वास ठेवणारा नव्हे. त्याने डिजिटल काटा आणला, तंबूत दिव्याखाली ठेवला आणि त्याच्यावर पाच नंबरची कुंडी कायमची बसवली. भरपेट पाणी घातलं की तीन किलो चारशे. रोज शंभरेक ग्रॅम उतरायचे. दोन सहाशे झालं की पुन्हा पाणी. काटा तो बंदच करत नसे. "हा माझा पहारेकरी आहे," म्हणायचा. "कुणी थेंब घातला तरी हा बोलणार."

दोन महिने पहारेकरी गप्प होता. झाड गुडघ्याएवढं झालं, नऊ फुलं आली, काकाने रंगाच्या कुंचल्याने फुलाफुलातून पराग फिरवले, आणि दोन फुलांमागे मटाराएवढ्या हिरव्या गाठी धरल्या. आणि मग त्या सकाळी पहारेकरी बोलला. एकशे वीस ग्रॅम.

रविवारपर्यंत सहा दिवस होते. या सहा दिवसांत काकाने घरात जे काही केलं ते मी निम्मं डोळ्यांनी पाहिलंय आणि निम्मं आत्याने फोनवर सांगितलंय.

पहिल्या दिवशी त्याने चेनच्या दोन टोकांना काळा दोरा बांधला. दुसऱ्या दिवशी दोरा जसाच्या तसा होता, आणि वजन जेमतेम चाळीस ग्रॅम उतरलेलं. शंभर उतरायला हवं होतं.

"दोरा तुटलेला नाही," तो मला म्हणाला.

"मग कुणी गेलंच नसेल ना आत."

"किंवा पुन्हा बांधला असेल. तिने उभं आयुष्य टाके घातलेत."

"काका, ती बाळंतपणाच्या वॉर्डात नर्स होती. दोरे बांधून चोऱ्या नाही करत बसली."

"तू तिची बाजू घेतेस हे मी लक्षात ठेवलंय."

तिसऱ्या दिवशी त्याने खोलीच्या उंबऱ्यापासून तंबूपर्यंत टाल्कम पावडर भुरभुरली. सकाळी पावडरीवर एकच पाऊल उमटलं होतं. काकाचं. रात्री पावडर टाकून तो मागे फिरला तेव्हाचं. आत्याने दारात उभं राहून ते पाहिलं आणि म्हणाली, "चोराचा पाय सपाट आहे. तुझाही सपाटच आहे ना रे?"

वजन वीस ग्रॅम उतरलं होतं.

चौथ्या दिवशी खोलीला कुलूप लागलं. किल्ली काकाच्या खिशात, खिशाला पिन. पाचव्या दिवशी पानं मान टाकायला लागली होती. हे त्याने मला फोन करून सांगितलं, आणि त्याच्या आवाजात राग कमी होता, दुसरंच काहीतरी होतं.

"पानं लोंबतायत. कडा पिवळ्या झाल्यात. गेल्या वर्षी अगदी असंच झालं होतं."

"मग पाणी घालून बघ."

"पाणी जास्त झालं म्हणून लोंबतायत. मुळं कुजली की अशीच दिसतात. तेरा दिवस मी थेंब घातलेला नाही आणि काटा दोन किलो सातशेच्या आसपास रेंगाळतोय. म्हणजे मी सुकवतोय आणि कुणीतरी भिजवतंय."

"कुलूप आहे ना?"

तो म्हणाला, "दुसरी किल्ली तुझ्याकडे नाही ना?"

मी फोन ठेवला. तासाभराने आत्याचा आला.

"पोरी, त्याने माझ्या बादलीवर खडूने रेघ मारलीय. किती पाणी वापरते ते बघायला. मी अंघोळ करायची की नाही?"

"आत्या, तू खरंच नाही ना..."

"तूही विचार. विचारून घे."

"तसं नाही गं."

"तसंच आहे. त्या झाडापायी तो मरतोय हे मला दिसतं. मला काय ते झाड नकोय? सकाळी कुलूप उघडून तो आत शिरतो तेव्हा मी दारातून बघते. पाच पावलांवरून सांगते, ते झाड तहानलंय. पाण्याने सुजलेलं बाळ वेगळं दिसतं आणि सुकलेलं वेगळं. पण मी हे बोलले तर तो काय म्हणेल? म्हणेल, बघा, हिला पाणीच घालायचंय."

रविवारी सकाळी मी गेले तेव्हा आत्याची बॅग दिवाणखान्यात उभी होती. खुर्चीवर तिचं स्वेटर, घडी घातलेलं. काका बॅगेकडे न बघता चहा पीत होता. तो इतका सावकाश पीत होता की चहा केव्हाच थंड झाला असणार.

"काय ठरलं?" आत्याने विचारलं.

"काय ठरायचंय? झाड मेलं की ठरलं सगळं."

"एकदा उघड. मला बाहेरून बघू दे. आत पाऊल टाकणार नाही, ही पोर साक्षीला आहे."

काकाने पिन काढली, किल्ली काढली, कुलूप उघडलं. आत्या उंबऱ्याबाहेर थांबली, पायाची बोटंसुद्धा अलीकडे. काकाने चेन खाली ओढली. आतून गरम, दमट वाफ आली. चंदेरी भिंतींच्या मधोमध पाच नंबर उभी होती, सगळी पानं खाली, भिजलेल्या छत्रीसारखी. कुंडीच्या तळाशी वाळकी फुलं पडली होती. त्या दोन हिरव्या गाठींतली एकच देठाला होती.

"बघ," काका म्हणाला. "पाणी पाजून पाजून."

"मातीत बोट घाल."

"बोटाने कळत नाही. वजनाने कळतं. दोन सहाशे नव्वद. हे बघ, समोर आहे."

"बोट घाल म्हटलं."

त्याने घातलं नाही. ते झाड त्याचं होतं, आणि हे आकडेही त्याचेच होते. दोघांत आकडे त्याच्या जास्त जवळचे.

"बरं," आत्या म्हणाली. "मग वजनाचंच बोलू. वॉर्डात आम्ही रोज सकाळी बाळं तोलायचो. पहिलं बाळ ठेवायच्या आधी काय करायचो?"

"काय?"

"रिकामा काटा बघायचो. शून्य दाखवतो की नाही. एखाद्या दिवशी दाखवायचा नाही. हीटरजवळ राहिला की हमखास. मग बाळाचं वजन वाढलं म्हणून आई खूश व्हायची, आणि बाळ उपाशी." ती थांबली. "तू दुकानात गेल्यावर पहिलं काय करायचास?"

काका चेनच्या कडीशी चाळा करू लागला.

"सांग ना. काय म्हणायचास दुकानदाराला?"

"पारडं रिकामं कर," तो हळू आवाजात म्हणाला.

"उचल कुंडी."

"उचलली तर दोन महिन्यांची नोंद मोडेल."

"उचल रे."

त्याने दोन्ही हात कुंडीला घातले. उचलताना त्याचे हात एकदम वर गेले, जड समजून लावलेला जोर फुकट गेल्यासारखे. त्या क्षणी त्याच्या हातांना कळलं, मला वाटतं. पण त्याने खाली पाहिलंच. मीही वाकून पाहिलं. काट्यावर काहीही नव्हतं. काच लख्ख होती, आणि आकडा होता तीनशे दहा.

तंबूतला छोटा पंखा तेवढा फिरत होता.

"फिरलाय," काका म्हणाला. मग जरा वेळाने, "उष्णतेने."

आत्या हसली नाही. मलाच हसू येईल अशी भीती वाटली, कारण छत्तीस वर्षं बाजारातले लोक हात जोडून त्याला हेच सांगत होते. पण त्याचा चेहरा पाहिला आणि हसू आतच राहिलं. त्याने काटा बंद केला, चालू केला. शून्य. कुंडी ठेवली. दोन किलो तीनशे ऐंशी. पुन्हा उचलली, पुन्हा ठेवली. तेवढंच. म्हणजे झाड जवळजवळ आठवडाभर कोरड्या मातीत उभं होतं, आणि हा कुलपाची किल्ली खिशाला पिनेने टाचून फिरत होता.

"पाणी आण," तो मला म्हणाला.

मी तांब्या आणला. त्याने ओतलं, पण माती इतकी वाळली होती की पाणी वरच्या वर सरकून कडेने खाली बशीत उतरलं. ओलावा आत गेलाच नाही.

"असं नको," आत्या बाहेरूनच म्हणाली. "टबात पाणी घे आणि कुंडी त्यात बसव. खालून पिऊ दे. तासभर. आणि दिवा मालव, आज त्याला उजेड सोसायचा नाही."

काकाने सगळं तसंच केलं. टबात कुंडी बसवली, दिवा मालवला, गळून पडलेली फुलं एकेक करून उचलली आणि तळहातावर धरून उभा राहिला. अर्ध्या अंधारात तो मला एकदम म्हातारा वाटला. आत्या उंबऱ्याबाहेर तशीच उभी होती. बॅग तिच्यामागे पाच पावलांवर. तिने ती उचलली नव्हती. जायची तिला घाई नव्हती, हे मला दिसत होतं, तिच्या उभं राहण्यात दिसत होतं. एक वाक्य हवं होतं. एकसुद्धा नको, नुसतं "ताई" म्हणाला असता तरी तिने बॅग परत खोलीत नेली असती आणि टबातली कुंडी तासाने बाहेर काढायची आठवण त्याला स्वतः केली असती.

"काका," मी म्हटलं. "बोल ना काहीतरी."

"बोलतो," तो म्हणाला. त्याने ओठ ओले केले. फुलं खिशात घातली. एकदा काट्याकडे पाहिलं, एकदा आत्याकडे. सुरुवात चांगली होती. "ताई. माझं चुकलं, हे काट्यापुरतं खरं आहे."

"काट्यापुरतं," आत्या म्हणाली.

"म्हणजे पाणी तू घातलं नाहीस. ते मान्य."

"बरं."

"पण एक गोष्ट मला कळत नाही." त्याच्या कपाळावर आठी आली. ती आठी मी लहानपणापासून ओळखते. समोरच्याचा हिशेब सगळा जुळला की ती येते. "काटा खोटं दाखवतोय, हे तुला बाहेर उभं राहून कसं कळलं? कुंडी उचलून बघितल्याशिवाय कुणाला कळेल? ताई, खरं सांग. तू कधीतरी आत आली होतीस ना?"

मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा आत्या स्वेटर अंगात घालत होती. एक हात, मग दुसरा हात. बटणं तिने खालून वर, सगळी लावली.

"ताई, मी काय विचारतोय? किल्ली होती का तुझ्याकडे?"

तिने बॅग उचलली, दार उघडलं आणि जिना उतरायला लागली.